पुलाखालचे साक्षीदार

शहरभरातून चिठ्ठी काढली आणि पर्यावरण खात्याची स्वतंत्र तपासनीस म्हणून नाव निघालं ते दहावीतल्या विभावरी खोतचं! आज तिने 'नदी स्वच्छ आहे' अशा दाखल्यावर सही केली, की उद्यापासून अख्खी शाळा नदीत पोहायला मोकळी. तिची धाकटी बहीण तर कालपासून पोहण्याच्या कपड्यांतच वावरत होती.

खात्याचे निंबर्तेसाहेब शाळेत काचेच्या टाकीतून साक्षीदार घेऊन आले. चांगला गुबगुबीत मरळ मासा. विभावरीने माशांची बोली उलगडणारं यंत्र टाकीत सोडलं.

"नदीचं पाणी कसं आहे रे?"

"झकास! एकदम स्वच्छ!" मरळ म्हणाला.

"बघ! कर सही, बाळ," साहेब म्हणाले.

विभावरीने पेनाचं टोपण काढलं आणि सहज विचारलं, "आणि खायला काय मिळतं तिथे?"

"निळ्या शर्टातले काका देतात की! रोज सकाळी दोन चमचे."

सगळ्यांच्या नजरा साहेबांच्या निळ्या शर्टाकडे वळल्या.

"अगं, ऑफिसातला असला तरी मासाच ना तो!" साहेब पुटपुटले.

शेजारी उभ्या बहिणीचा पडलेला चेहरा विभावरीला दिसला. तरी तिने टोपण लावलं. "साहेब, यंत्र उचला. नदीवर जाऊ."

पुलाखाली यंत्र पाण्यात बुडालं मात्र, आतून एकदम पन्नास आवाज उसळले, "आलं! विचारायला कुणीतरी आलं!"

"अरे हो, हो! एकेकाने बोला," विभावरी हसत म्हणाली आणि तिने वहीचं कोरं पान उघडलं.