सत्तेचाळिसाव्या मालकीणबाई

विहीणबाई निघायला उठल्या, तशी प्रमिलाताईंनी त्यांची ओटी भरली. तांदूळ, नारळ आणि मोरपिशी ब्लाउजपीस. "तुमच्यासाठी मुद्दाम पुण्याहून मागवलाय हो," त्या म्हणाल्या.

घरातले सगळे फोन त्यांनी आधीच बंद करून ठेवले होते. विहीणबाईंच्या पर्सचा विचार मात्र राहून गेला होता.

कापडाच्या काठातली चिप जागी झाली आणि पर्समधून खणखणीत आवाज आला, "ब्लॉकचेनवर नोंद झाली. आपण या कापडाच्या सत्तेचाळिसाव्या मालकीणबाई."

ही नोंद कुणालाच खोडता येत नसे आणि गेल्या महिन्यापासून फोन ती मोठ्यानं वाचूनही दाखवत. पर्स एकेक नाव वाचू लागली. वाईच्या गोखलेवहिनी, मिरजेच्या शिरोळकरकाकू, आणि प्रत्येक नावापुढे एकच शेरा, "शिवला नाही." प्रमिलाताईंचा चेहरा उतरला. लेकीला सासरी आता वर्षभर हे ऐकावं लागणार होतं.

"एकोणिसाव्या, कुमुद दांडेकर. चार दिवसांत ओटीत दिला," पर्स म्हणाली. "तेहेतिसाव्या, कुमुद दांडेकर. दुसऱ्याच दिवशी दिला."

विहीणबाईंनी, म्हणजे कुमुद दांडेकरांनी, शांतपणे फोन बंद केला आणि ब्लाउजपीसची घडी नीट केली.

"रंग ओळखीचा वाटलाच होता मला," त्या म्हणाल्या. "शनिवारी नणंदेकडे जायचंय, तिला देते. तुम्ही चैत्रात माझ्याकडे हळदीकुंकवाला या. तोवर येईल तो फिरून."