सतरावं पत्र

लढाई पेटली, पुढच्या चौकीवर मोबाईल बंद झाले, तशी मेजर नागसेन आणि त्याची बायको दीप्ती एकमेकांना पत्रं लिहू लागली. पत्रं मागेपुढे पोचायची, म्हणून प्रत्येकावर आकडा टाकायचं त्यानंच ठरवलं. त्याचं सोळावं मनीषनगरच्या घरी आलं. मग महिनाभर काहीच आलं नाही, आणि आला तो तिरंग्यात गुंडाळलेला नागसेन. जलदानविधीला माणसं जेवत असताना पोस्टमननं अठरावं आणून दिलं. ‘तुझी तीन पत्रं मिळाली. सतराव्यात विचारलं त्याचं उत्तर एकातही नाही. समजलो. पुन्हा विचारणार नाही.’ सतरावं तिला मिळालंच नव्हतं, पुढेही मिळालं नाही. एका दुपारी ती कागद घेऊन बसलेली पाहून सासू थबकली. “काहून वं, आता कोणाले लिहून राहिली?” त्यानं काय विचारलं होतं, ते ठाऊक नसताना दीप्तीनं लिहिलं, ‘हो.’