तिकोनी दगड

"घायपातानं दांडा टाकलाय!" संचालक चित्रशाळेच्या दारातूनच ओरडले. "पंधरवड्यात फुलं येतील. चला, बघायला चला!"

धाकटीच्या हातातला ब्रश तसाच राहिला. बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. पाण्यात ब्रश खळबळत त्या एवढंच म्हणाल्या, "आलं का वयात? छान."

उद्यानाच्या या चित्रशाळेत चित्रकार दोघीच. एक बाई आणि दुसरी त्यांच्या हाताखाली घडलेली धाकटी. ती आली तेव्हा तिला पेन्सिलीला धड टोक काढता येत नव्हतं. आई गेली त्या वर्षी ती बाईंच्याच घरी जेवली, बाईंच्याच घरी रडली. बाई म्हणतील ती पूर्व दिशा, असं तिचं होतं. आणि बाईंचा नियम एकच होता, पाहिलं नाही ते काढायचं नाही.

बाईंचं सगळ्यात गाजलेलं चित्र घायपाताचंच. तरुणपणी उद्यानातल्या झाडासमोर बसून काढलेलं. उंच दांडा, पिवळ्या फुलांचे झुबके, तळाशी काटेरी पानं आणि डाव्या कोपऱ्यात एका तिकोनी दगडाला टेकलेलं, मुळातून फुटलेलं पिटुकलं पिल्लू. वनस्पतींच्या अभ्यासचित्रांत दगडाधोंड्यांना थारा नसतो. त्यामुळे शिकायला येणारी मुलं त्या कोपऱ्याला 'बाईंची तीट' म्हणत. एवढ्या देखण्या चित्राला दृष्ट लागू नये म्हणून! धाकटीनं ते चित्र इतक्या वेळा उतरवलं होतं की झोपेतही काढलं असतं. दगडातली पांढरी रेघ जरा जाड झाली की बाई कागद परत करायच्या.

पुढच्या महिन्यात बाई निवृत्त होणार होत्या. मोठ्या दालनाला त्यांचं नाव द्यायचं ठरलं होतं. पाटी रंगवून तयार होती.

धाकटी झाडापाशी पोचली तेव्हा तिथे गर्दी जमली होती. संचालक रंगात आले होते. "उद्यान सुरू झालं त्या दिवसापासून हेच झाड इथे उभं आहे! जन्मात एकदाच फुलतं आणि फुललं की मरतं. नशीब समजा तुमचं!"

लोक माना उंचावून बघत होते. धाकटीही बघत होती. एकदाच फुलतं, हे तिला काय नवीन होतं? बाईंनीच शिकवलं होतं. पण आज ते वाक्य मनात खुपलं ते खुपलंच. झाड फुलणार होतं ते आता. मग बाईंनी तेव्हा काय पाहून काढलं?

ती परत आली ती ताडताड पावलं टाकतच.

"बाई, तुम्ही हे झाड फुललेलं पाहिलं होतं?"

"न पाहिलेलं मी काढते का?"

"मग ते आज जिवंत कसं?"

बाईंनी चष्मा काढला. "तू झाड नीट पाहिलंस?"

"पाहिलं की."

"वरवर पाहिलंस. नेहमी फुलांपासून सुरुवात करतेस तू. तळापासून काढायला बस, मग बोलू."

"विषय बदलू नका. कुठल्या जुन्या चित्रावरून उतरवलंत का, एवढंच सांगा."

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"इतक्या वर्षांनी तुला ते माझ्या तोंडून ऐकायला हवंय? नाही सांगत, जा."

धाकटी त्या दिवशी घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडली. जिच्या शब्दावर आपण आयुष्य बेतलं तिनंच केसानं गळा कापावा! आई दुसऱ्यांदा गेल्यासारखं तिला वाटलं. मग रडू ओसरलं आणि राग उरला. सकाळी तो घेऊनच ती संचालकांच्या खोलीत शिरली.

पुढचं सगळं झटपट झालं. चित्र भिंतीवरून उतरलं आणि पाटी अडगळीत गेली. बाईंनी कुणाशी वाद घातला नाही. लोकांना तोच कबुलीजबाब वाटला. निरोप समारंभाची वाट न बघता त्या गेल्या. जाताना आपली रंगांची पेटी तेवढी धाकटीच्या टेबलावर ठेवून गेल्या. तिनं ती उघडलीदेखील नाही.

रिकाम्या जागेसाठी नवं चित्र काढायचं काम अर्थातच धाकटीकडे आलं. फुलं उमलली तशी ती शिडीवर चढून बसली. फुलं कुणासाठी थांबत नाहीत, म्हणून आधी फुलं, मग दांडा, मग पानं. चित्र सुरेख उतरत होतं. संचालक रोज येऊन म्हणत, "याला म्हणतात खरं काम."

शेवटी तळ राहिला. खालची वाळकी पानं काट्यांसकट जमिनीवर लोळत होती, आत काही दिसत नव्हतं. उद्यानातलं कुणी त्या पानांना हातही लावत नसे. क्षणभर तिच्या मनात आलं, तळ बाईंच्या चित्रावरून घ्यावा, कोणाला कळतंय? मग तिची तिलाच लाज वाटली. मग बाईंच्यात आणि आपल्यात फरक काय?

तिनं जाड हातमोजे घातले, गुडघ्यांवर बसली आणि वाळकी पानं एकेक बाजूला ओढू लागली.

आत बुंध्याशी एक दगड होता. मातीत अर्धा रुतलेला, तिकोनी. तिनं हातमोजा काढून बोटानं माती पुसली. मधून एक पांढरी रेघ गेली होती, केसाएवढी बारीक.

आणि त्या दगडाला टेकून, माडीएवढं उंच झालेलं बाईंचं ते पिल्लू फुलून मरत होतं.