परत द्यायची डिस्क

दुबईच्या नोकरीतली सुट्टी संपत आली तसे नझीर अष्टमी गावाहून एकटेच पेणला लेकीकडे आले आणि त्यांनी तिच्यापुढे हार्ड डिस्क ठेवली. "झोया, ही रूमवरच्या दोस्ताची हाय. दुबईला गेलो की त्याला परत द्यायचीय. त्याआधी अशी पूस, की कुणाला त्यातलं कायपण परत काढता येता कामा नये. आणि अम्मीकडे बोलू नको."

कॉम्प्युटरचे क्लास घेणाऱ्या झोयाच्या मनात पाल चुकचुकली. गेल्या ईदला अब्बा आले नव्हते. फोनही तुटक झाले होते. ओव्हरटाइम हाय, म्हणाले. अम्मीने विश्वास ठेवला. झोयाने नाही. तिकडे दुसरा संसार थाटलेल्यांचे किस्से तिने मोहल्ल्यात ऐकले होते.

"तुम्ही नमाज पढून या, तोवर करते," ती म्हणाली.

अब्बा बाहेर पडताच तिने डिस्क जोडली. आत एकच व्हिडिओ होता, गेल्या ईदच्या दिवसांतला. तिने दातओठ खाऊन तो लावला. हॉस्पिटलच्या खाटेवर अब्बा बसले होते, हाताला सलाइन, आणि ते अम्मीशी बोलत होते. "नूर, माझ्या हृदयाची नस बंद झालीय. उद्या सकाळी उघडणार हायेत. तुला कळवलं नाय, तू अन्नाला शिवली नसतीस. दोस्त तुला हे दाखवेल, तेव्हा मी नसेन..."

अब्बा परतले तेव्हा झोया पडद्यासमोर रडत बसली होती. ते दारातच थबकले.

"पुसते, अब्बा," ती म्हणाली. "पण ही परत द्यायला तुम्ही दुबईला जायचं नाय."