दुपारची भिंत

सुलक्षणाने दोऱ्याला कुलूप बांधून ते वरच्या लाकडावरून खाली सोडलं आणि एक डोळा मिटून पाहिलं. भिंत थोडी कलली होती.

"आबा, जराशी तिकडे लोटा बरं."

सासऱ्याने लोटली. आपल्याच घरात उभ्या राहणाऱ्या भिंतीला रूपचंदआबा स्वतःच हात लावत होते. भडगावातलं त्यांचं घर म्हणजे एकच लांब खोली. मुलगा योगेंद्र सुरतेला कामाला. घरात सासरा आणि सून, दोघंच. अशा घरात मधोमध भिंत आली की तिचा अर्थ अख्खी गल्ली एकच लावते, वाटणी.

सकाळी शेजारचा हिलाल दारातून म्हणालाच होता, "रूपचंदभाऊ, चूल न्यारी व्हई राह्यनी वाटस!" आबांनी ते हसण्यावारी नेलं. सुनेला विचारायची मात्र त्यांची छाती झाली नाही.

पण काम काय करत होती पोर! टाइल्सच्या दुकानात माल ज्यांवर रचून येतो, ती टाकाऊ लाकडी पॅलेटं तिने मागून आणली होती. काही पॅलेटं एकमेकांना जोडून उभी केली. काहींच्या फळ्या पहारीने सुट्या करून फटी बुजवल्या. वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ केले. हे सगळं डोक्यावरचा पदर ढळू न देता. आबांना उभ्या जन्मात एक खाट धड ठोकता आली नव्हती. धाकधूक होतीच, पण कौतुक काही आवरेना.

"हात शे का काय शे तुना!" त्यांच्या तोंडून गेलंच. सुलक्षणा दातांत खिळे धरून हसली.

जेवणं झाली. आबांनी टोपी घातली, काठी घेतली. कितीही ऊन असो, दुपारी ते मारुतीच्या देवळात जाऊन बसत. सासरा समोर असताना सुनेने आडवं व्हायचं नाही, ही घरची रीत. मग तिने पाठ टेकावी म्हणून म्हातारा रोज मुकाट बाहेर पडे. दोघांनाही ते ठाऊक होतं, बोललं कधीच कोणी नव्हतं.

"कोठे निंघनात, आबा?"

"देऊळमा."

सुलक्षणाने त्यांची खाट ओढून कूलरसमोर लावली. "आते कसाले जातस? तुमी आठे निजा. मी भितना पलीकडे पडसू."

आबांनी टोपी काढली. मग काठी कोपऱ्यात ठेवून आडवे झाले. डोळे भरून आले, ते त्यांनी पुसले नाहीत. बघायला होतंच कोण!

थोड्या वेळाने पलीकडून घोरणं ऐकू आलं. चांगलं दणदणीत. आबा रात्री बाहेर ओट्यावर निजत; इतक्या वर्षांत आपली सून घोरते, हे त्यांना माहीतच नव्हतं.

तेवढ्यात त्यांना खोकल्याची उबळ आली. आबांनी टॉवेलचा बोळा तोंडात कोंबला आणि लालबुंद होत ती आतल्या आत जिरवली.