गोकुळाबाईचा अंगठा

सावली गावच्या तलावात मासे धरणाऱ्या गोकुळाबाईंच्या ओट्यावर बसून नागपूरच्या संशोधक मॅडम फॉर्म भरत होत्या.

“राशन मिळतं म्हणून मत दिलंत का, बाई?”

“चार महिने झाले, दाणा नाई मिळाला. जाळं ओढू ओढू अंगठ्याच्या रेषा झिजल्या. राशन दुकानातली मशीन म्हणते, हे बाई गोकुळा नाईच.”

“मग मतदानाला कोणी अडवलं नाही?”

“तिथी काऊन अडवतीन? घरून गाडीत बसवून नेलं मले!”

मॅडमनी हळहळत सगळं लिहून घेतलं आणि शाईचा पॅड पुढे केला. “तुमची संमती आहे ना? मग इथे अंगठा लावा.”

गोकुळाबाईंनी हात पदराखाली घेतला.

“पह्यले त्या मशीनले इचारून या मॅडम, हा अंगठा माहाच आहे का म्हणून.”