कुंदनचा हॉर्न

चौऱ्याण्णव साली भेस्तानच्या एका सोसायटीत दोनच गाड्या होत्या, एक बन्सीलालची आणि दुसरी शेजारच्या कुंदनची. कुंदनने गाणं वाजवणारा हॉर्न बसवला, तेव्हापासून बन्सीलालची स्वतःची पोरंसुद्धा कुंदनच्याच गाडीमागे धावायची. एका दुपारी बन्सीलालला राहवलं नाही. कुणी बघत नाही असं पाहून त्याने त्या हॉर्नची वायर उपटून टाकली.

संध्याकाळी बन्सीलालच्या आईच्या छातीत कळ आली आणि नेमकी त्याची गाडी चालू होईना. कुंदनने कुणी न सांगता आपली गाडी काढली. वाटेत पर्वत पाटियाच्या चौकात गाडी गर्दीत अडकली, तेव्हा तो ओशाळून म्हणाला, “बन्सीभाऊ, माफ करा. हॉर्न आजच बंद पडला.”

 

दवाखाना येईपर्यंत बन्सीलाल अर्धा खिडकीबाहेर झुकून घसा फाटेस्तोवर ओरडत होता, “हटो भाई, हटो.”